आण्णांना समुद्र दाखवायला नेलं आणि समुद्रच घरी नव्हता (नाशिक ते बोर्डी, एका दिवसात)

गोदाकाठची

नाशिकहून एका दिवसात समुद्र होतो का, हे इथे शोधलं तर सगळे धागे अलिबाग-गणपतीपुळ्याचे निघाले, तेही मुक्कामाचे. म्हणून लिहून ठेवते. उत्तर आहे: होतो. पण आधी पंचांग बघा. का, ते खाली येईलच.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय ७६, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. गेली वीस वर्षं आमची द्राक्षं बोटीने रॉटरडॅमला जातायत, आण्णांनी मात्र समुद्र पाहिलेला नव्हता. पॅकहाऊसच्या दारात कंटेनरला सील लागलं की त्यांचा त्या मालाशी संबंध संपला. मुंबईला दोनदा गेले, दोन्ही वेळा कुणाला तरी दवाखान्यात बघायला. आई म्हणायची, एकदा समुद्राला जाऊ. छाटणी झाली की जाऊ, थिनिंग झालं की जाऊ, माल गेला की जाऊ. आईचं ते राहूनच गेलं. आता बाग भाऊ बघतो, तरी आण्णांना रविवारी बाहेर काढायला तीन आठवडे लागले.

पहाटे साडेचारला गावातून निघालो. निफाडची थंडी माहितीये तुम्हाला. भावाने बागेत शेकोट्या पेटवलेल्या, धूर रस्त्यापर्यंत पसरलेला. आण्णा स्वेटरवर मफलर, त्यावर घोंगडी आणि डोक्याला कानटोपी अशा अवतारात पुढच्या सीटवर. दोघंच होतो, गाडी मी चालवत होते. त्र्यंबकपर्यंत त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता, जिथे ब्रेक नाहीच तिथे.

रस्ता असा: नाशिक, त्र्यंबकेश्वर, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, मग कासा-चारोटीला मुंबई-अहमदाबाद हायवे ओलांडून डहाणू आणि किनाऱ्याकिनाऱ्याने बोर्डी. नाशिकपासून साधारण दीडशे किलोमीटर. आम्हाला चहापाणी धरून पाच तास लागले.

त्र्यंबकला उजाडत होतं, ब्रह्मगिरी काळा दिसत होता. माझ्या डोक्यात भूगोलाचं पुस्तक चालू झालं. म्हटलं, "आण्णा, इथून समुद्र सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. आणि गोदावरी बघा, त्याच्याकडे पाठ करून १४६५ किलोमीटर जाते." वैतरणा याच डोंगरांतली, पण ती शहाण्यासारखी पश्चिमेला उतरते. मला वाटलं आण्णा काहीतरी वारकरी छापाचं बोलतील, माळ आहे गळ्यात. तर म्हणाले, "बरंच झालं ना मग. ती इकडं गेली असती तं नांदूरमधमेश्वरचा कालवा कुढून आला असता? बाजरी करीत बसलो असतो."

जव्हारला चहा घेतला. भात काढून झालेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या. घोंगडी मोखाड्याला उतरली, मफलर जव्हारला, स्वेटर चारोटीला. डहाणूत शिरलो तेव्हा आण्णा नुसत्या सदऱ्यावर होते आणि मी एसी लावला होता. डिसेंबरात!

अकराच्या सुमाराला बोर्डी. सुरूच्या झाडांमधून गाडी लावली, आण्णांचा हात धरला, पुढे गेले आणि...

काहीच नाही. म्हणजे चिखल. करडा, चमकणारा, वाळूवर कपडे घासायच्या फळीसारख्या रेघा. दोन होड्या कुशीवर पडलेल्या. लांब, फार लांब, एक पांढरी रेघ, ते पाणी असावं. आण्णांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. "पाणी कुढं गेलं?"

"ओहोटी आहे, आण्णा."

"हे तं मे महिन्यातलं गंगापूर धरण झालं."

त्यात त्यांना टॉयलेटला जायचं होतं. (साठीपुढच्या पुरुषाला घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी ठरवा, समुद्र नंतर.) समोर एक रिसॉर्ट होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खोली घेतली तरच. मी नाष्ट्याचे पैसे देते म्हटलं, तरी नाही. म्हातारा माणूस समोर उभा, तरी नाही. मी भांडायच्या बेतात होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या चिकूच्या वाडीतून एक काका म्हणाले, "अहो, आत या ना त्यांना घेऊन." आणि आमचा पुढचा सगळा दिवस बदलला.

बाकी रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

---

मिसळीचा_कट

हे काय! ऐन रंगात येऊन कुकर? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.
अवांतर: पहाटे साडेचारला निघालात म्हणजे मिसळ चुकली. त्र्यंबक रोडला सकाळी आठनंतर निघणाऱ्यांनाच ते पुण्य.

---

केळव्याचा

ताई, रविवारी पौष शुद्ध अष्टमी होती. अष्टमीला अकरा-बाराला आमच्या किनाऱ्यावर येऊन समुद्र शोधायचा म्हणजे सोमवारी न्हाव्याकडे जाण्यासारखं.

आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायचा. जो येईल तो भरतीचा वाजला. पौर्णिमा किंवा अमावस्या उलटली की पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. मधे बाराला ओहोटी. तुम्ही बरोब्बर तेव्हाच पोचलात. पौर्णिमा-अमावस्येला बाराला भरती, आणि रोज ती पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब मुंबईकडचा. डहाणू-बोर्डीला थोडं उशिराचं धरा. मिनिटाला पक्का नाही, पण सहल ठरवायला पुरतो.

म्हणजे नाशिकहून सकाळी निघून दुपारी पोचणाऱ्यांनी पौर्णिमा-अमावस्या ते तृतीया एवढ्यात यावं. पंचमीला पावणेचार, तेही चालतं, थांबायची तयारी असेल तर.

आणि अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तुम्ही पाहिलात तो सौम्य प्रकार. उधाणाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, संध्याकाळी सहाला या, मग कळेल पाणी किती आत जातं ते. कारण आमचा किनारा सपाट, आणि वर खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं. जसजसं उत्तरेला जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढतो. मुंबईला मोठ्या उधाणाला पाच मीटरच्या आसपास, भावनगरकडे दहाच्या वर.

एक कळकळीचं सांगणं. ओहोटीला पाणी गाठायला चालत जाऊ नका, म्हाताऱ्यांना तर मुळीच नेऊ नका. सपाट जागेवर पाणी परत येतं ते समोरून येत नाही, आधी बाजूच्या खळग्यांतून मागे भरतं. आणि गाडी वाळूवर घालू नका. दर हिवाळ्यात एखादी तरी ट्रॅक्टरने ओढावी लागते, आणि ट्रॅक्टरवाला पाणी किती चढलंय बघून भाव सांगतो.

---

रत्नागिरीकर_नाशकात

बोर्डीच्या पाण्याला समुद्र म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. आमच्याकडे अष्टमीला पण समुद्र जागेवर असतो.

---

केळव्याचा

असतो ना. फक्त नाशिकहून तिथे पोचेपर्यंत नवमी लागते.

---

सातपूरचा_सुन्या

ज्यांना तोरंगण घाट नको त्यांनी पेठ-धरमपूर-वलसाड करून तिथलचा किनारा बघा. मी आईला नेलं होतं. वाळू काळी आहे हे आधी सांगा, नाहीतर घाण आहे म्हणून आई पाय ठेवत नाही. (अनुभव.) किनाऱ्यालगत साईबाबांचं आणि स्वामीनारायणाचं अशी दोन मंदिरं, त्यामुळे बसायला जागा, सावली, प्यायचं पाणी, टॉयलेट हे प्रश्न बरेच सुटतात. पेठ सोडल्यावर रस्ता वळणांचा आहे, उलटीची गोळी ठेवा. ओहोटीचं रडगाणं तिथेही तेच.

दमणही त्याच बाजूला, पेठ-कपराडा-वापीमार्गे. पण वडिलांना घेऊन दमणला जातोय म्हटल्यावर शेजारी वेगळंच हसतात.

---

आजीचा_नातू

गुडघेदुखीवाल्यांना काय पर्याय? आजीला दीडशे किलोमीटर गाडीत बसवणं अवघड आहे.

---

देवळाली_कॅम्प

@आजीचा_नातू, पंचवटी एक्सप्रेस. नाशिकरोडला सकाळी बसायचं, सीएसएमटीला उतरून टॅक्सीने गिरगाव चौपाटी, संध्याकाळी पंचवटीनेच परत. माझ्या आईचा समुद्र तोच. आरक्षण आधी करा आणि चौपाटीवर बसायला घडीची खुर्ची न्या. वाळूत खाली बसलेल्या आजीला उठवायला दोन माणसं लागतात.

---

गोदाकाठची

आले. @केळव्याचा, तुमचा प्रतिसाद मी आण्णांना फोनवर वाचून दाखवला. त्याची गंमत शेवटी.

तर वाडी. काकांनी नुसतं टॉयलेट दाखवून सोडलं नाही, झाडाखाली खाट टाकून दिली. आम्ही भाकरी, ठेचा आणि मेथीची भाजी बांधून नेली होती. माळकरी माणसाला किनाऱ्यावर नेणाऱ्यांनी डबा न्यावाच, कारण वाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास चारी बाजूंनी येतो. आण्णांनी नाकाला मफलर लावून पहिला घास घेतला. दुसऱ्या घासाला मफलर खाली आला, कारण काका चिकूबद्दल बोलायला लागले होते.

डहाणू-घोलवडचा चिकू नावाजलेला, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, एवढं मला माहीत होतं. आण्णांचे प्रश्न वेगळे. झाडात अंतर किती? तेहतीस फूट. जात? कालीपत्ती. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) कोणता? काका म्हणाले, खिरणीचा. झालं! आण्णा खाटेवर सरसावून बसले. "आमच्याकडं डॉगरिज." मग दोन म्हातारे खुंट या विषयावर पाऊण तास. खारं पाणी कोण सोसतं, मुळ्या किती खोल जातात, जोड कुठे सुटतो. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला झोपून गेले.

जाग आली तेव्हा गडी लांब बांबूला बांधलेल्या जाळीच्या पिशवीने फळं उतरवत होता. काकांनी एक चिकू हातात घेतला, अंगठ्याच्या नखाने त्याच्या सालीवर बारीक ओरखडा काढला आणि आण्णांसमोर धरला. खाली हिरवं. "हा नाही." दुसरा घेतला, ओरखड्याखाली पिवळसर. "हा तयार. दोन दिवसांनी खा." आण्णा चकित. आम्ही मणी चेचून रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघतो, आणि हा माणूस नखावर बघतो. मग आण्णांनी स्वतः पाच-सहा चिकू ओरखडले. दोन चुकले. काका म्हणाले, "चाळीस वर्षं लागतात, आजोबा." काका स्वतः साठीचे, तरी आजोबा म्हणाले, ते आण्णांना आवडलं नाही.

चारला चहा पिऊन परत किनाऱ्यावर गेलो. आणि आता पाणी येत होतं. लाटा वगैरे नाहीत. वाळूवरच्या त्या रेघा असतात ना, त्यांच्यातून पातळ पाणी पुढे सरकत होतं, एक रेघ भरली की पलीकडच्या रेघेत. पाटाचं पाणी सोडल्यावर सऱ्या भरत येतात, अगदी तसं. आण्णांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. पाणी आलं, चपला चार पावलं मागे नेल्या. परत आलं, परत मागे. तिसऱ्यांदा त्यांनी चपला काखेत मारल्या आणि उभे राहिले. "येऊ ऱ्हायलं," एवढंच म्हणत होते, दर थोड्या वेळाने. "येऊ ऱ्हायलं."

पाणी घोट्याला लागल्यावर वाकून चूळभर तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग खिशातून टीडीएसचं, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचं पेन काढलं. हे पेन त्यांच्या खिशात कायम असतं, फवारणीआधी पाणी तपासायला. मी म्हटलं, आण्णा, समुद्राचं पाणी पस्तीस हजाराच्या घरात असतं, पेन दहा हजारालाच हात टेकतं. तरी बुडवलंच. आकडा भराभर चढला, मग लुकलुकायला लागला आणि विझला. आण्णांनी पेन सदऱ्याला पुसलं. "बाद पाणी," म्हणाले.

मग बराच वेळ गप्प होते. मला वाटलं थकले. म्हणाले, "धा सालचा आपला माल ह्याच पाण्यातून गेलता का गं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट (वेलीची वाढ रोखणारं रसायन) सापडलं आणि कंटेनर अडकले. आमचे दोन होते त्यात. माल गेला, पैसे आले नाहीत, निर्यातदाराने हात वर केले. पुढची तीन वर्षं घरात काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. आईचं समुद्राचं मागणं त्याच वर्षांत बंद झालं.

मी म्हटलं, "इथून नाही, आण्णा. खाली सव्वाशेक किलोमीटरवर न्हावाशेवा बंदर आहे, तिथून. पण पाणी हेच."

"मंग सुएझवरून?"

"तेव्हा सुएझवरून. आता तांबड्या समुद्रातल्या भानगडीमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात. दहा-पंधरा दिवस जास्त."

"म्हंजे मालाला शीत कमी पडलं की संपलं." हे ते समुद्राकडे बघत म्हणाले, जसं काही तो ऐकत होता.

सूर्य सहानंतर बुडाला. छान होता, फोटो सगळ्यांकडे असतात तसेच माझ्याकडेही आहेत. आण्णांनी पाण्याची एक बाटली भरून घेतली. साडेसहाला निघालो, घाटात अंधारात हळू चालवलं, साडेबाराला गावात पोचलो. दुसऱ्यांदा मी हे करणार नाही. परतीचा घाट दिवसा हवा, नाहीतर डहाणूला मुक्काम करा.

भावाने काल फोटो पाठवलाय. औषधांच्या खोलीत, फवारणीच्या डब्यांच्या रांगेत, ती बाटली ठेवलीय. वर मार्करने आण्णांच्या अक्षरात: समुद्र. फवारू नये.

---

मिसळीचा_कट

😂 वाचनखूण साठवली. त्या बाटलीचा फोटो टाका ना.

---

निफाडची_थंडी

आमचाही एक कंटेनर होता त्या साली. वाचून गप्प बसलो थोडा वेळ. वडिलांना नमस्कार सांगा. आमचे तात्या अजून रॉटरडॅम म्हटलं की जेवणावरून उठतात.

---

देवळाली_कॅम्प

त्र्यंबकमार्गे जाणाऱ्यांसाठी: पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा. आधीचे दोन-तीन दिवस दिंड्या रस्त्यावर असतात. तेव्हा गाडी नेऊन हॉर्न वाजवू नका, दुसरा रविवार बघा. सिंहस्थाची कामं आहेत ती वेगळीच.

---

रत्नागिरीकर_नाशकात

सऱ्यांचं वर्णन वाचून माझं वरचं विधान मागे घेतो. अर्धं.

---

गोदाकाठची

@निफाडची_थंडी, सांगते. तात्यांना न्या बोर्डीला. खरंच.

आता ती गंमत. केळव्याच्या दादांचा पाऊणपटीचा हिशेब मी फोनवर वाचत होते. "आठाची पाऊणपट" म्हटलं आणि पलीकडून आण्णा सुरूच झाले: "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." थेट आठ पाऊण सहापर्यंत, एका दमात. चौथीत असताना गुरुजींनी छडीवर पाठ करून घेतलेली पाऊणकी. पावकी, निमकी, पाऊणकी सगळं अजून तोंडात. पाऊणकी कुठे वापरली असेल त्यांनी गेल्या साठ वर्षांत, देव जाणे.

मग एकदम चिडले. "एवढं सोपं गणित, अन् तू मला चिखल दाखवायला नेलं?"

रात्री परत फोन. कालनिर्णय पुढ्यात घेऊन बसले होते, पानं उलटल्याचा आवाज येत होता. माघी पौर्णिमा झाल्यावरची द्वितीया काढलीय. बे पाऊण दीड. डहाणूला थोडं उशिराचं धरून दोन. म्हणजे बारापर्यंत पोचायचं, तीनला निघायचं, घाट उजेडात. मी म्हटलं, आण्णा, तेव्हा बाग खुडायला आलेली असेल.

"ते तुझा भाऊ पाहीन. त्या वाडीवाल्याला फोन लाव, त्याच्यासाठी चार पेट्या थॉमसन घेऊन जाऊ. अन् ते रिफ्रॅक्टोमीटर घे बरूबर. चिकूत साखर किती भरते ते पहायचं ऱ्हायलं."